गिळलेल्या लाह्या

दिवाळी सरली की आमच्या अकोल्याची हवा श्वास घेण्याजोगी राहत नाही. पेठेकडे निघालेल्या बंड्यांवरून कापूस उडतो. तो बाभळीला अडकतो, म्हशीच्या शिंगाला अडकतो, झाकण विसरलेल्या ताकात पडतो. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे, त्यामुळे हल्ली मला सगळं जगच पिंजून ठेवल्यासारखं दिसतं. पण हा कापूस खरा, हे नाक सांगतं. सरकीचा तो कोंदट, गोडसर वास. तो आला की माझं मन घरात राहत नाही, वावरात जाऊन उभं राहतं. तेही नेमक्या एका कोपऱ्यात.

यंदा त्यात शांताची भर पडली. शांता माझी नात. पुण्याला कॉलेजात शिकते आणि सुटीत येताना पेटीभर पुस्तकं आणते. सध्या तिच्या डोक्यात ग्रीस नावाचा देश आहे. तिथं फार पुरातन काळी शोकाची नाटकं करत असत म्हणे. दुपारी मी अंगणातल्या बाजेवर पडते आणि ती इंग्रजीतून वाचून मला आपल्या भाषेत सांगते.

"आजी, या नाटकांत राजे मोठे, सेनापती मोठे. पण गाडं अडतं ते बाईच्या नकारापाशी. एक जण म्हणते, माझ्या मेलेल्या माणसाला मी माती देणार, राजाची आज्ञा काही का असेना. दुसरीचा नवरा लढाईला जाता यावं म्हणून पोटच्या पोरीचा बळी देतो. सगळे विसरतात, ती विसरत नाही."

"मंग काय करते त्याचं?"

"मारते त्याला."

"बरं," मी म्हटलं आणि सुपारी फोडली.

शांता पुढं म्हणाली, की ही बायांची कामं पुरुषच करत, तोंडाला मुखवटे लावून.

"मंजी बाईचा राग बी गड्यानंच केला?"

"हो. आणि बायकांना नाटक बघायला तरी बसू देत होते की नाही, यावरच विद्वानांचं अजून भांडण आहे."

"भांडनारे बी गडीच असतीन."

ती खूप हसली. मग तिनं मला त्या नाटकांतला घोळका सांगितला. कडेला गावातली दहा-पंधरा माणसं उभी असतात, कधी म्हातारे, कधी बाया. ती काही करत नाहीत. जे होतं ते बघतात, हळहळतात आणि सगळी मिळून एका सुरात गातात. मुख्य बाई मरणाच्या दाराशी उभी असते आणि हा घोळका म्हणतो, अरेरे.

माझा अडकित्ता थांबला. अगं बाई, या घोळक्यातल्या एकीला ओळखते की मी. पायांत नव्या चांदीच्या तोरड्या, डोक्यावर टोपली, तोंड लाह्यांनी भरलेलं, आणि समोर घरातली सगळ्यात शहाणी बाई उभं आयुष्य पणाला लावते आहे. त्या घोळक्यातली सगळ्यात बावळट पोरगी मीच होते.

अमेरिका नावाच्या मुलखात भावाभावांची लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. माझा मुलगा शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याच्या पाठीशी बसून मी अक्षरं गिरवली, त्यानंतरची ही अक्कल. त्या वेळी एवढंच दिसत होतं की आमच्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, वेड्यासारखा भाव आला आहे. अमरावतीच्या पेठेतून परतलेले गाडीवान अशा गोष्टी सांगत की ऐकणाऱ्याला ते प्यालेले वाटावेत. कुणी बैलाच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या, कुणी बंडीच्या चाकाला चांदीची पट्टी ठोकली. आमचं गाव बार्शीटाकळीच्या अलीकडचं. तिथं असं येडेपण पहिल्यांदा केलं ते आमच्या सासऱ्यांनी. त्यांना आम्ही सुना मामाजी म्हणत असू.

मी धाकटी सून, लग्न होऊन नुकतीच नांदायला आलेली. मला तोरड्या मिळाल्या. इतक्या जड, की मी परसात निघाले तर घरातल्यांना वाटे बंडी निघाली. पण मी त्या काढीना. झोपतानाही नाही. विहिरीवर जाताना मुद्दाम लांबच्या वाटेनं जायची, गावानं ऐकावं म्हणून. आता आठवलं की त्या पोरीच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो.

आणि चांदी ल्यालेल्या त्या पोरीला सदोदित भूक लागलेली असे. कारण मामाजींनी जवारीच्या रानातही पऱ्हाटी लावली होती. गुरांचं कुरण मोडलं, खळ्याची जागा मोडली, विहिरीच्या काठापर्यंत कापूस. पेवातली जवारी तळाला गेली. भाकर दिवसेंदिवस पातळ होत गेली, इतकी की तिच्यातून चूल दिसेल. मामाजी म्हणत, कापूस विकला की जवारीच्या गोण्या विकत आणू. पण सगळ्यांनीच कापूस लावलेला. विकायला जवारी होती कोणाकडं?

मग त्यांनी तो कोपराही मोडला.

आमच्या वावराच्या ईशान्येला, नाल्याच्या अंगाला एक पडीक तुकडा होता. एक पळस आणि त्याच्याखाली गोटे. दात येण्याआधी गेलेली लेकरं आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. गावातली तान्ही तिथं होती. गडीमाणसं जाऊन खड्डा करत, मीठ टाकत, वर गोटा ठेवून मागं न बघता परत येत. बाईनं तिकडं जायचं नाही, असा रिवाज. म्हणून आम्ही बाया गवताला जायचो. विळा घेऊन जायचं, पदराआड छोटी लोटी न्यायची, आणि एखाद्या गोट्यापाशी वाकलं की दुधाची धार सोडायची. कुणी कुणाला विचारत नसे. त्या तुकड्यातलं गवत वऱ्हाडात सगळ्यात जास्त कापलेलं असेल.

माझ्या थोरल्या जाऊबाई, कौतिकाबाई, त्यांची मुलगी आदल्या उन्हाळ्यात तिथं गेली. तापानं. तिचं बारसं झालं होतं, पण नाव जिभेवर रुळायच्या आत गेली.

पेरणीआधी मामाजींनी तिथले गोटे उचलून नाल्यात टाकायला लावले, पळस तोडला आणि वखर फिरवला. गावातली एकही बाई सरत्याच्या नळीतून सरकी सोडायला तयार होईना, म्हणून परगावच्या बाया आणल्या. त्यांना काय ठाऊक. कौतिकाबाई त्या दिवशी दळत होत्या. जात्याचा आवाज एकदाही अडखळला नाही. मला वाटलं, विसरल्या असतील. त्या वयात मला वाटायचं, माणसं बोलत नाहीत म्हणजे विसरतात.

शांता सांगते, त्या नाटकांत सगळं घडतं ते राजवाड्याच्या दारासमोर. आत काय झालं ते दिसत नाही, बाई दाराबाहेर येऊन बोलते आणि तिथून पुढं विपरीत सुरू होतं. मला ते पटलं. आमच्या घरी सून मामाजींशी बोलायची ती दाराच्या आडून, पदर ओढून, आणि तेही भिंतीला सांगितल्यासारखं. "जेवण वाढलं हाय म्हणावं." उंबरठ्याच्या आत असेतो बाईचा आवाज घरातल्या भांड्यांसारखा असतो, कुणी दचकत नाही.

पण वावराला उंबरठा नसतो.

पाऊस त्या वर्षी ठीक झाला. पऱ्हाटी फुटली आणि सगळ्यांत उंच, सगळ्यांत पांढरी फुटली ती त्या कोपऱ्यात. बोंडं मुठीएवढी. नवी माती, कधी न कसलेली, असं गडी म्हणाले. मी शेवटच्या निंदणाला गेले होते तेव्हा पाहिलं आणि टाळ्या वाजवून ओरडले, "जाऊबाई, पहा ना वो, इथली बोंडं कशी गुबगुबीत!" बाजूच्या बायांचे विळे थांबले. कौतिकाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, रागानं नाही, पावसाकडं बघावं तसं. मग म्हणाल्या, "लहाने, ऊन लागन तुले. सावलीत बस." तिथं सावली कुठली, पळस तर तोडलेला. मी आपली मुकाट्यानं बांधावर जाऊन बसले आणि तोरड्या वाजवत राहिले.

आता वेचणीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पहिल्या वेचणीला वावर उघडावं लागतं. त्याला आम्ही सीतादही म्हणतो. घरची थोरली सवाशीण दही आणि जवारीच्या लाह्या घेऊन ईशान्य कोपऱ्यात जाते, सगळ्यांत भरघोस झाडाला हळद-कुंकू वाहते, त्याच्या बोंडाचा धागा ओढून झाडाला गुंडाळते. मग दही-लाह्यांचा घास तोंडात घेऊन झाडांवर जोरानं फुंकते. लाह्या जशा पांढऱ्या उधळल्या तसं वावर पांढरं व्हावं. हे झाल्याशिवाय कुणी बाई बोंडाला हात लावत नाही. आणि वेचणी बाईचीच. गड्यानं वेचायला घेतलं तर गाव वर्षभर हसेल.

सासूबाई नव्हत्या. वावर उघडायचा मान कौतिकाबाईंचा. आणि ईशान्य कोपरा तोच.

सकाळी आम्ही निघालो. पुढं कौतिकाबाई पूजेचं ताट घेऊन, मागं लाह्यांची टोपली डोक्यावर घेऊन मी, माझ्यामागं कमरेला ओट्या बांधलेल्या वेचणाऱ्या बाया. मी टोपलीत हात घातला तो फक्त दह्यात लाह्या नीट भिजल्या की नाही हे बघायला. मग एक घास चवीला. मग वाट लांब होती. जवारीच्या लाह्या, वर दही, जरासं मीठ. त्या वर्षी असं काही जिभेला लागलंच नव्हतं. नाल्याजवळ पोचले तेव्हा टोपलीच्या तळाला एवढुशा लाह्या उरल्या होत्या, एका घासाच्या.

बांधावर मामाजी उभे. शेजारी अकोल्याहून आलेला व्यापाऱ्याचा माणूस, त्याच्या बंड्या गावाबाहेर सोडलेल्या. थोरले भाऊजीही होते, कौतिकाबाईंचे यजमान, पण ते आपल्या चपलांकडं बघत होते आणि पुढं शेवटपर्यंत तिकडंच बघत राहिले.

कौतिकाबाईंनी झाडाला कुंकू लावलं नाही. त्या वाकल्या आणि मातीला लावलं. मग माझ्याकडं हात पुढं केला. मी टोपली उतरवली. त्यांनी आत पाहिलं. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं. हनुवटीवर दही लागलेलं असणार. त्यांचे ओठ हलले. मुलगी गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि ते हसूही पुरतं हसू नव्हतं, पण काहीतरी त्यांनी त्या क्षणी ठरवलं, हे आता मला कळतं. त्यांनी उरलेल्या सगळ्या लाह्या मुठीत घेतल्या, तोंडात टाकल्या, चावल्या.

बाया फुंकर बघायला मान उंच करून उभ्या.

त्यांनी त्या गिळल्या.

मग त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, पण तो तोंडावर न ओढता, थेट मामाजींकडं बघत बोलल्या. "मामाजी, बाकीचं वावर मी उघडते. हा तुकडा नाई. इथं माही पोट्टी हाय."

मामाजींना आधी वाटलं, आपल्याला ऐकू कमी आलं. ते म्हणाले, "काय म्हन्ते ते?" आजूबाजूला कुणी सांगेना.

"इथं माही पोट्टी हाय," त्या पुन्हा म्हणाल्या. "आन गावातली बाकीची. त्याहिच्या आंगावरचं मी वेचू देनार नाई." आणि त्या पऱ्हाटीच्या ओळीत मांडी घालून बसल्या.

"वावरात कोनी नसते," मामाजी म्हणाले. "वावरात कापूस असते."

रहिमतबी नावाची पिंजाऱ्याची म्हातारी आई वेचायला आली होती. ती मागून पुटपुटली, "पाटील, कबर पर से कौन चुनता है, बाबा?" मामाजी तिच्यावर खेकसले, तशी ती गप्प झाली. पण तिनं कमरेची ओटी सोडली. तिच्या शेजारणीनं सोडली. मग एकेकीनं. शांते, तुझ्या नाटकातला घोळका अरेरे म्हणतो ना? आमचा घोळका काहीच म्हणाला नाही. रिकाम्या ओट्या हातात लोंबत होत्या, एवढंच.

मग मामाजी माझ्याकडं वळले. "लहाने, तू उघड. तू बी घरची सून हायस."

माझ्या पायांतल्या तोरड्या आपोआप वाजू लागल्या. मी टोपलीत बघितलं. टोपलीत काय, तळाला दह्याचा ओघळ. मी टोपली तिरकी करून मामाजींना दाखवली.

"लाह्या कुठं गेल्या?"

मी उत्तर दिलं नाही, कारण तोंडात अजून एक घास होता आणि तो गिळावा की थुंकावा हे मला ठरवता येईना.

गावात पुढं कितीतरी वर्षं सांगत, धाकटी जावेच्या बाजूनं उभी राहिली, सासऱ्यासमोर हूं की चूं केलं नाही, मोठी धीराची पोर. मी ते कौतुक ऐकून घेतलं. भूक लागली होती हे कुणाला सांगावं?

शांता म्हणते, त्या नाटकांत अगदीच पेच पडला की शेवटी वरून देव उतरतो, दोराला बांधलेला, आणि सगळं मार्गी लावतो. आमच्याकडं देव उतरला नाही. बाळापूरच्या अंगानं काळं आभाळ आलं. व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, "पाटील, भिजला तर मी घेणार नाही." वेचणाऱ्या बाया दुसरीकडून आणाव्यात तर त्या दिवसांत साऱ्या वऱ्हाडाला हात कमी पडत होते. मामाजींनी आभाळाकडं पाहिलं, बसलेल्या सुनेकडं पाहिलं, आणि हातातली बैल हाकायची तुतारी मातीत टोचून त्या तुकड्याभोवती एक रेघ ओढत नेली. "एवढं सोडा," म्हणाले. "बाकीचं उघड."

घरून पुन्हा लाह्या आणल्या. टोपली या खेपेला दुसरीच्या डोक्यावर होती. कौतिकाबाईंनी रेघेबाहेर जाऊन फुंकर घातली, चांगली जोरदार, आणि बाया ओळींना लागल्या. पाऊस आलाच, पण बराचसा कापूस घरात आल्यावर.

त्या कोपऱ्यातला तसाच राहिला. बोंडं उलून लोंबली, भिजली, काळी पडली, वारा सुटला तसा थोडा थोडा उडून गेला. कित्येक दिवस तो आमच्या उंबऱ्याशी येऊन साचायचा. मी झाडायची. कौतिकाबाई तो उचलून पदराला बांधायच्या.

एवढ्यावर संपलं असतं तर त्याला शोकाचं नाटक कशाला म्हणायचं.

शेवटची बंडी अकोल्याला गेली, आणि मग एक बंडी उलट्या दिशेला, वरूडकडं निघाली. कौतिकाबाईंचं माहेर तिकडचं. मामाजी म्हणाले, "चार दिस आराम करून येऊ दे." आवाज अगदी गोड. मी दारात उभी होते. मला वाटलं, बरं आहे, माहेरचं तूप-भाकर खाऊन येतील. येताना माझ्यासाठी काय आणाल, असंही मी विचारलं असेन. मी तशीच होते.

त्या बंडीत बसता बसता म्हणाल्या, "लहाने, गवताले जात जा."

"व्हय."

"लोटी मोठी नेऊ नको. दिसते."

त्यांना आणायला कुणी गेलं नाही. भाऊजींचं दुसरं लग्न झालं, वाजंत्री होती, मी नाचले. अमेरिकेतली लढाई थांबली, भाव कोसळला, चाकांवरच्या पट्ट्या उपटून सराफाकडं गेल्या आणि पाठोपाठ माझ्या तोरड्या. मी रडले ती तोरड्यांसाठी. कौतिकाबाई माहेरीच वारल्याचं फार उशिरा कळलं, एका बाजारकऱ्याकडून, इतर चार बातम्यांबरोबर. तेव्हा मला रडू आलं नाही. नुसतं अंगणात जाऊन उभी राहिले, पायांकडं बघत. आवाज न करणारे पाय.

शांतानं परवा विचारलं, "आजी, मग ती जिंकली की हरली?" पुण्यात असे प्रश्न परीक्षेला येत असतील. मी म्हटलं, तुझ्या नाटकांत कोणी त्या बाईला परत आणायला जातं काय? ती म्हणाली, नाही. मग आमच्यातही नाही.

पण तो तुकडा पुन्हा कुणी पेरला नाही. मामाजींनी दोनदा प्रयत्न केला. परगावच्या बायांनाही आता ठाऊक झालं होतं. गोटे नाल्यातून परत कोणी आणले कुणास ठाऊक. एकेक करून आले. पळसही खोडातून फुटला. आणि मला पहिली लेक झाली, ती सव्वा महिन्याचीही झाली नाही, तेव्हा गडीमाणसं तिला घेऊन गेली आणि तिला न्यायला जागा होती. तिच्या गोट्यापाशी वाकले तेव्हा मला कौतिकाबाईंची ती नजर कळली, पावसाकडं बघावं तशी. लोटी मी लहानच नेली होती.

पुढं भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि हे वावर उघडायचा मान माझ्याकडं आला. पहिल्या वर्षी मी त्या कोपऱ्यापाशी उभी राहिले, दही-लाह्या तोंडात घेतल्या आणि फुंकता येईना. गिळल्या. मग बाहेर येऊन दुसरा घास घेतला, तो फुंकला. दरवर्षी तसंच. माझ्या सुनेनं पाहून तसंच केलं. आता गावातल्या इतर घरांतही एक घास गिळायचा आणि मग वावर उघडायचं, अशी रीत आहे. नव्या सुनांना वाटतं, ही सीतामाईच्या वेळची असेल.

काल वावर उघडलं. मला बंडीत घालून नेलं होतं, नको म्हटलं तरी. नातवाची बायको, नवी नवी, टोपली डोक्यावर घेऊन माझ्या बंडीशेजारून चालत होती. पळसाशी आली, घास गिळला आणि हळूच मला विचारलं, "आजी, हा पयला घास काहून गिळा लागते?"

शांता माझ्याकडं बघत होती. तिला वाटलं, आता आजी काहीतरी मोठं बोलेल.

"कौतिका," मी म्हटलं. "पयले हे नाव घ्याचं. मंग गिळाचं."

"कौतिका," पोरगी म्हणाली. तिच्या हनुवटीला दही लागलं होतं. मी टोपलीत डोकावले. अर्धी रिकामी होती.

मी पदरानं तिची हनुवटी पुसली.